बंद खोका आणि दाराबाहेरची आई : शस्त्रक्रियेनंतर घाबरलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या खेळोपचाराचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पालकांच्या लेखी संमतीने लिहिले आहे. मुलाची ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. खेळातले प्रसंग आणि त्यांचा क्रम मात्र माझ्या सत्रनोंदींप्रमाणेच ठेवला आहे, कारण या प्रकरणात शिकण्यासारखे जे काही आहे ते त्या क्रमातच आहे. लहान मुलांच्या मानसोपचारात काम करणाऱ्यांना पालक हमखास विचारतात, की नुसते खेळून काय होणार? त्या प्रश्नाला तोंडी उत्तर देणे मला कधीच नीट जमलेले नाही, म्हणून येथे एका मुलाचा खेळ सविस्तर मांडते आहे. त्याच्या जोडीला दुसरा, उपचारकाला छळणारा प्रश्न आहे : मूल तोच खेळ तसाच्या तसा पुन्हा पुन्हा खेळत राहिले, तर आपण किती काळ पाहत बसायचे?

पार्श्वभूमी

मुलगा सहा वर्षे दोन महिन्यांचा होता. घरी आई, वडील आणि एक वर्षाची बहीण. त्याची वाढ, बोलणे, झोप यांत आधी काहीच अडचण नव्हती, शाळेत तो वर्षभर आनंदाने जात होता. एका रात्री पोटात असह्य दुखू लागले, सकाळपर्यंत अपेंडिक्स फुटल्याचे निदान झाले आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. नंतर जंतुसंसर्ग झाल्यामुळे त्याला अकरा दिवस रुग्णालयात राहावे लागले. शस्त्रक्रियेच्या वेळी वडील प्रवासात होते, त्यामुळे आई एकटीच सोबत होती. शारीरिकदृष्ट्या तो पूर्ण बरा झाला आणि चार महिन्यांनी बालरोगतज्ज्ञांनी त्याला माझ्याकडे पाठवले.

पहिल्या भेटीत मी शस्त्रक्रियेच्या दिवसाबद्दल विचारले, तेव्हा आई म्हणाली, "तो इतका कळवळत होता, की त्याला त्यातलं काही आठवतही नसेल." मी ते नोंदवले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

अडचण

घरी आल्यापासून मुलगा आईला नजरेआड होऊ देत नव्हता. ती न्हाणीघरात गेली तरी दार उघडे हवे असे. रात्री तो तिच्या कपड्याचा काठ मुठीत धरून झोपत असे आणि तिने कूस बदलली की दचकून उठत असे. तीन वर्षांपूर्वी सुटलेली अंथरुणात लघवी होण्याची सवय परत आली होती. त्यामागे शारीरिक कारण नाही याची बालरोगतज्ज्ञांकडून खात्री करून घेतली होती. चार महिन्यांत तो जेमतेम सहा दिवस पूर्ण वेळ शाळेत बसला होता आणि त्या सहाही दिवशी, वर्गशिक्षिकेच्या सांगण्यानुसार, तो फळ्याकडे पाठ करून दाराकडे तोंड करून बसला होता. रुग्णालयाचा विषय निघाला की तो कानांवर हात ठेवून खोलीतून निघून जाई.

आईने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली होती. हल्ली तो तिच्या प्रत्येक वाक्यावर "खरंच?" असे विचारत असे. बाबा संध्याकाळी येणार आहेत, "खरंच?" बाहेर पाऊस पडतोय, "खरंच?" मला तो या वयातला एक चाळा वाटला.

निदानाच्या भाषेत सांगायचे तर विलगतेची, म्हणजे जवळच्या माणसापासून दूर होण्याची, तीव्र चिंता आणि आघातानंतरच्या ताणाची काही लक्षणे असे हे चित्र होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता : पालकांना मार्गदर्शन करायचे आणि शाळेत थोडा थोडा वेळ वाढवत मुलाला परत बसते करायचे. आईला तोच हवा होता, कारण शाळेचा एकेक आठवडा हातचा जात होता आणि तिची ती काळजी रास्त होती.

दुसरा पर्याय आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराचा. या पद्धतीला संशोधनाचा भक्कम आधार आहे आणि ती अगदी तीन वर्षांच्या मुलांपासून वापरता येते. तिच्यात मूल आणि उपचारक मिळून घडलेल्या घटनेची कथा हळूहळू रचतात. पण त्यासाठी घटनेचे नाव निदान उच्चारता यावे लागते. हा मुलगा 'हॉस्पिटल' हा शब्द ऐकताच खोली सोडत होता, त्यामुळे कथेच्या पहिल्या पानापर्यंतही आम्ही पोचलो नसतो.

तिसरा पर्याय मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड लेव्ही यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या पद्धतीचा. त्यात मुलाला जे सोसावे लागले तशीच परिस्थिती उपचारक खेळण्यांतून मांडून ठेवतो आणि साठलेली भीती बाहेर पडायला वाव देतो. घटना एकच आणि ठळक असेल, तर ही पद्धत उपयोगी पडते. येथे घटना ठळक होती, पण तिच्यातला कोणता क्षण मुलाच्या मनात रुतला आहे, ते मला ठाऊक नव्हते. ठाऊक नसताना मी देखावा मांडला असता, तर तो माझ्या कल्पनेतला देखावा झाला असता.

चौथा पर्याय अनिर्देशित खेळोपचाराचा होता. मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी 1947 साली त्याची आठ तत्त्वे मांडली. मुलाला आहे तसे स्वीकारावे, त्याच्या भावना ओळखून त्याच्यापुढे धराव्यात, दिशा त्याने दाखवावी व उपचारकाने मागे चालावे, घाई करू नये आणि मर्यादा आवश्यक तेवढ्याच घालाव्यात, असा त्यांचा गाभा आहे. मी हाच पर्याय निवडला. अकरा दिवस मोठ्या माणसांच्या हातांनी, त्याला न विचारता, त्याच्या शरीराला जे करायचे ते केले होते. ते त्याच्या भल्यासाठीच होते, तरीही आठवड्यातून पाऊण तास तरी काय होईल ते त्याने ठरवावे, असे मला वाटले. शाळेसाठी पहिल्या पर्यायातले थोडे काम समांतर ठेवायचे आणि आठ सत्रांनी आढावा घ्यायचा, असे पालकांशी ठरले.

येथे एक कबुली द्यायला हवी. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, 93 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या संशोधनात खेळोपचाराचा चांगला परिणाम दिसून आला होता आणि जेथे पालकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून हे काम करून घेतले होते तेथे तो आणखी ठळक होता. हे मला माहीत होते. तरीही आईला खेळात आणण्याचा पर्याय मी सुरुवातीला विचारातच घेतला नाही, कारण मूल आईला इतके चिकटलेले असताना त्याला तिच्यावाचून काही काळ राहता येणे हेच उद्दिष्ट मी मनाशी धरले होते.

सुरुवातीची सत्रे

खेळोपचाराच्या खोलीत खेळणी सहसा तीन प्रकारची ठेवतात, आणि ही विभागणी खेळोपचाराचे अमेरिकी अध्यापक गॅरी लँडरेथ यांच्यामुळे रूढ झाली : रोजच्या जगण्याशी निगडित, राग बाहेर काढता येईल अशी, आणि काहीतरी घडवता येईल अशी. माझ्या खोलीत बाहुल्यांचे कुटुंब, गाड्या, वाळूचा ट्रे, माती, रंग, हातात घालायच्या बाहुल्या, डॉक्टरचा संच आणि काही रिकामे पुठ्ठ्याचे खोके होते. खोक्यांचे एवढे महत्त्व होईल, असे मला वाटले नव्हते.

पहिल्या सत्रात मुलाने एकाही खेळण्याला हात लावला नाही. आई बाहेर खुर्चीवर बसली होती. त्याने विचारले, "हे दार आतून बंद होतं?" मी सांगितले, की दाराला कडी नाही, ते दोन्ही बाजूंनी उघडते. मग तो उठला आणि दार लावू-उघडू लागला. लावायचे, मनात काहीतरी मोजायचे, उघडायचे, आई दिसली की पुन्हा लावायचे. पाऊण तास हाच उद्योग चालला. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी 1920 साली आपल्या दीड वर्षाच्या नातवाच्या खेळाचे असेच वर्णन केले आहे : दोरा बांधलेले लाकडी रीळ तो पलंगाच्या कडेपलीकडे फेकी आणि ओढून परत आणी, आणि आई जाण्या-येण्याची जी गोष्ट त्याच्या हातात नव्हती ती खेळात त्याच्या हाती येई. दाराशी उभ्या असलेल्या या सहा वर्षांच्या मुलाला पाहताना मला तेच आठवले, पण त्यातून जो प्रश्न सुचायला हवा होता तो सुचला नाही.

तिसऱ्या सत्रात खोका आला. त्याने बाहुल्यांतला सर्वांत लहान मुलगा उचलला, खोक्यात उताणा ठेवला, झाकण लावले आणि चिकटपट्टी मागितली. ती त्याने कात्रीने कापली नाही. दातांत धरून ओढली, तोडली आणि झाकणाच्या चारही बाजूंनी लावली. प्रत्येक पट्टी लावल्यावर तिच्या कडेवरून अंगठ्याचे नख दाबून पुढे-मागे फिरवले, इतके की पट्टीखालचा पुठ्ठा गुळगुळीत दिसू लागला. शेवटची पट्टी लावताना त्याने श्वास रोखून धरला होता. मग आईची बाहुली खोक्यापासून वीतभर अंतरावर उभी केली आणि म्हणाला, "झालं." उरलेला वेळ तो खोक्याजवळ गप्प बसून राहिला.

चौथ्या सत्रात मी चूक केली. खेळ शस्त्रक्रियेचा आहे हे उघड दिसत होते, म्हणून मी डॉक्टरचा संच त्याच्या हाताशी सरकवला आणि म्हटले, "त्या मुलाला कदाचित सुईची भीती वाटत असेल." मुलगा उठला, कोपऱ्यात जाऊन माझ्याकडे पाठ करून बसला आणि सत्र संपेपर्यंत गाड्यांची रांग लावत राहिला. पुढच्या वेळी तो खोलीत यायला तयार नव्हता.

मुलाच्या खेळाचा अर्थ त्याला बोलून दाखवावा की नाही, यावर बालमानसोपचारात 1920 च्या दशकापासून वाद आहे. मनोविश्लेषक मेलनी क्लाइन खेळातल्या कृतींना प्रौढांच्या मुक्त साहचर्याइतकेच, म्हणजे मनात येईल ते न अडवता बोलण्याइतकेच, अर्थपूर्ण मानत आणि तो अर्थ मुलाला लवकर सांगत. फ्रॉइड यांच्या कन्या आणि बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांना ही तुलना मान्य नव्हती, मुलाशी आधी विश्वासाचे नाते जुळावे लागते यावर त्यांचा भर होता. माझी चूक मात्र या वादाच्याही अलीकडची होती. मी अर्थ लवकर सांगितला हे खरे, पण मुळात तो चुकीचा होता. सुई माझ्या मनात होती, त्याच्या खेळात ती कुठेच नव्हती. त्याच्या खेळात होते ते झाकण, चिकटपट्टी आणि बाहेर उभी असलेली आई.

पाचव्या सत्राच्या वेळी मी बाहेर त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हटले, "मागच्या वेळी मी मध्येच बोलले. खेळ तुझा आहे." दहा मिनिटांनी तो आत आला आणि थेट खोक्याकडे गेला.

सहाव्या सत्रात त्याला माझ्या तोंडाला चिकटपट्टी लावायची होती. आधी भावना ओळखायची, मग मर्यादा सांगायची, मग दुसरा मार्ग दाखवायचा, हा लँडरेथ यांचा क्रम अशा वेळी उपयोगी पडतो. मी म्हटले, "तुला माझं तोंड बंद करावंसं वाटतंय. माझ्या तोंडाला पट्टी लावायची नाही. लावायचीच असेल, तर बाहुल्या आहेत." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग बोटभर पट्टी तोडून आईच्या बाहुलीच्या तोंडावर लावली आणि तिच्यावरूनही नख फिरवले.

निर्णयाचा टप्पा : थांबायचे की मध्ये पडायचे

सातव्या आणि आठव्या सत्रात तोच खेळ झाला. मूल, झाकण, पट्ट्या, तोंड बांधलेली आई, "झालं." त्याच सुमारास आईने ठेवलेल्या नोंदींवरून मला दिसले, की सत्राच्या दिवशी रात्री अंथरूण हमखास ओले होत होते. इतर दिवशी ते निम्म्यावर आले होते.

बालमानसोपचारतज्ज्ञ लेनॉर टेर यांनी 1976 च्या चाउचिला अपहरणातल्या मुलांचा अभ्यास केला होता. कॅलिफोर्नियातल्या त्या घटनेत शाळेच्या बसमधली 26 मुले पळवून जमिनीत पुरलेल्या मालवाहू वाहनात कोंडली होती. सुटून आल्यावर त्या मुलांचा खेळ टेर यांना निराळा दिसला : एकसुरी, आनंद नसलेला, संपल्यावरही सुटका न देणारा. नेहमीचा खेळ मुलाचा भार हलका करतो. असा खेळ मुलाला त्याच प्रसंगात फिरवत ठेवतो आणि कधी कधी त्याची भीती वाढवतो. म्हणून 'मुलाच्या मागे चाला' हे तत्त्व कितीही मोलाचे असले, तरी आपण ज्याच्या मागे चालतो आहोत तो पुढे सरकतो आहे की जागच्या जागी फिरतो आहे, ते पाहणे उपचारकाचे काम आहे. मी माझ्या नोंदींमध्ये काही प्रश्न लिहिले : खेळाच्या तपशिलात काही बदलते आहे का, कोणी मदतीला येते का, खेळताना श्वास आणि चेहरा मोकळा होतो का, खेळ संपल्यावर तो हलका दिसतो की दमलेला, आणि घरी त्या रात्री काय होते. आठ सत्रांत आईच्या तोंडावरची पट्टी सोडता कशातही बदल नव्हता.

मी हे माझ्या मार्गदर्शकांपुढे, म्हणजे माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या ज्येष्ठ उपचारकांपुढे, मांडले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि एकच विचारले : "खेळातली आई बाहेर उभी आहे आणि तिचं तोंड बांधलंय. त्या दिवशी बाहेर उभी असलेली आई काय बोलली होती, ते तुम्ही तिला विचारलंत का?"

मी विचारले नव्हते.

त्याच आठवड्यात आईला एकटीला बोलावले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने सांगितले, की शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी मुलगा तिचा हात सोडेना. आत तिला जाऊ देणार नाहीत, हे तिला सांगितलेले होते. घाई चालली होती, मागून कोणीतरी लवकर करा म्हणत होते, आणि ती म्हणाली, "तू हो पुढे, मी आत्ता आलेच." त्याने विचारले, "खरंच?" ती म्हणाली, "खरंच." त्याने हात सोडला आणि दार बंद झाले. भूल उतरली तेव्हाही ती जवळ नव्हती, कारण त्याला निरीक्षणाखाली ठेवलेल्या खोलीत तिला आणखी पाऊण तास सोडले नाही. हे तिने कोणालाही, मुलाच्या वडिलांनाही, सांगितले नव्हते.

या आईला दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. कळवळणाऱ्या मुलाला दारातून आत पाठवताना ते वाक्य कोणाच्याही तोंडून निघेल. रुग्णालयात एकट्या राहिलेल्या मुलाची काय अवस्था होते, हे लंडनमधले संशोधक जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली दोन वर्षांच्या एका मुलीचे आठ दिवस चित्रीकरण करून दाखवले. आईने मुलासोबत राहावे अशी शिफारस रुग्णालयातल्या मुलांच्या हितासाठी नेमलेल्या ब्रिटनमधल्या प्लॅट समितीच्या 1959 च्या अहवालात झाली. तरीही दाराशी उभ्या असलेल्या आईने मुलाला नेमके काय सांगावे, हे त्या घाईत तिला सांगायला बहुधा कोणीच नसते.

आता माझ्यापुढे तीन मार्ग होते. मुलाला सरळ सांगायचे, की तुझा राग कशाचा आहे ते मला कळले. किंवा आईला लगेच खोलीत आणायचे आणि तिच्याकडून खरे काय ते सांगून घ्यायचे. किंवा आधी खेळाच्या आतूनच, खेळ न मोडता, लहानशी हालचाल करून पाहायची. पहिला मार्ग मी चौथ्या सत्राच्या अनुभवामुळे सोडला. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1971 साली लिहिले आहे, की वेळ परिपक्व होण्याआधी सांगितलेला अर्थ म्हणजे शिकवणूक असते आणि तिच्यातून फक्त आज्ञाधारकपणा निपजतो. मुलाने माझे ऐकून मान डोलावली असती आणि खोका बंदच राहिला असता. दुसरा मार्ग आवश्यक होता, पण आईची तयारी झालेली नव्हती. म्हणून तिसऱ्याने सुरुवात केली.

नववे सत्र

मुलाने नेहमीप्रमाणे सर्व केले. तो "झालं" म्हणाल्यावर मी, त्याच्याकडे न पाहता, हळू आवाजात विचारले, "बाहेरची आई काय म्हणते आहे?" ही एक जुनी युक्ती आहे. संवाद आपण रचायचे नाहीत, मुलालाच विचारायचे.

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "आत्ता आलेच."

"मग?"

"येत नाही. खोटं बोलते."

मी म्हटले, "आतला मुलगा वाट बघत राहिला. ती येते म्हणाली होती."

खोका सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्याने खेळ चालू असताना माझ्याकडे पाहिले. पुन्हा खोक्याकडे पाहिले आणि जरा चिडूनच म्हणाला, "त्याला ऐकूच येत नाही. बंद आहे ना!" तो उठला, रंगांच्या डब्यातली पेन्सिल आणली आणि खोक्याच्या बाजूला टोक रोवून फिरवू लागला. पुठ्ठा जाड होता. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला, पेन्सिलचे टोक तुटले, त्याने तिची मागची बाजू घातली आणि भोक पाडले. भोकाशी तोंड नेऊन आत फुंकर मारली. "आता येतं," असे म्हणून त्याने मोठा श्वास सोडला.

'आतला मुलगा म्हणजे तू' असे मी म्हटले नाही. त्याची गरजही उरली नव्हती. त्या रात्री अंथरूण कोरडे राहिले. एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नये हे मला कळत होते, तरी आईच्या नोंदीतली ती ओळ वाचून मला फार बरे वाटले.

आईचा सहभाग

मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड गर्नी यांनी 1964 साली मांडलेल्या पद्धतीत पालकांनाच खेळोपचाराची मूलभूत कौशल्ये शिकवतात. मी आईसोबत दोन स्वतंत्र भेटी घेतल्या. मुलाच्या खेळात सूचना द्यायच्या नाहीत, चुका दुरुस्त करायच्या नाहीत, तो जी भूमिका देईल ती घ्यायची आणि प्रश्न फक्त भूमिकेतूनच विचारायचे, एवढेच आम्ही घोटले. अकराव्या सत्रापासून ती खोलीत आली.

मुलाने तिला आईची बाहुली दिली, पण तोंडावरची पट्टी काढली नाही. ती पट्टी तशीच ठेवून बसली. थोड्या वेळाने त्यानेच पट्टी ओढून काढली आणि हुकूम सोडला, "म्हण, आत्ता आलेच." ती तसे म्हणाली. आमच्यात ठरले होते, की इथे थांबायचे आणि तो पुढे काय सांगतो ते पाहायचे. ती थांबली नाही. बाहुली हातात धरून, भोकाशी वाकून ती म्हणाली, "मी खोटं बोलले रे. मला आत सोडणार नव्हते आणि ते मला माहीत होतं."

माझ्या छातीत धस्स झाले, कारण खेळ आणि घडलेली गोष्ट यांच्यातला पडदा तिने एका वाक्यात बाजूला केला होता. मुलगा हलला नाही. मग म्हणाला, "मग सांगायचं ना!" आणि ढसाढसा रडला. चार महिन्यांहून जास्त काळ तो शस्त्रक्रियेच्या विषयावर एकदाही रडला नव्हता.

योजना मोडून आईने केलेली ही गोष्ट माझ्या योजनेपेक्षा सरस ठरली. पण ती नवव्या सत्राआधी झाली असती, तर काय झाले असते ते सांगता येत नाही.

पुढच्या चार सत्रांत खेळ दर वेळी थोडा बदलत गेला. त्याने आईला सांगितले, "आत यायचं नाही. दाराशीच बस, पण बोलत राहा." ती बोलत राहिली, तो कधी उत्तर देई, कधी देत नसे. भोक मोठे झाले. एकदा आतल्या मुलासाठी त्याने मातीची उशी करून भोकातून आत सारली. पंधराव्या सत्रात झाकण कात्रीने कापून उघडले, तेव्हा त्याला त्याचे विशेष काही वाटलेले दिसले नाही, तो लगेच गाड्यांकडे गेला.

याच काळात शाळेसोबतचे कामही पुढे सरकले. आईने गुपचूप निघून जायचे नाही आणि 'इथेच आहे' असे खोटे सांगायचे नाही. घंटा झाली की मी जाणार आणि शाळा सुटली की फाटकाशी उभी असणार, एवढेच सांगायचे आणि ते तंतोतंत पाळायचे, असे ठरले. वर्गशिक्षिकेने त्याला दाराजवळचा बाक दिला. दोन आठवड्यांनी तो स्वतःहून पुढे सरकला.

फलित

साडेपाच महिन्यांत अठरा सत्रे झाली. अंथरूण ओले होणे चौदाव्या सत्रापासून थांबले. मध्ये आई आजारी पडली, तेव्हा एक आठवडा ते परत आले. पंधराव्या सत्रानंतर तो पूर्ण आठवडा शाळेत जाऊ लागला, पण शाळेच्या सहलीला गेला नाही. रात्री तो अजून आईजवळच झोपत होता, मात्र मूठ रिकामी असे. पोटावरचा व्रण तो बहिणीला दाखवू लागला आणि तिला त्याची गोष्ट सांगू लागला. इंजेक्शनची भीती होती तशीच राहिली.

यातले किती खेळामुळे झाले, किती शाळेच्या सहकार्यामुळे, किती आईचे बोलणे बदलल्यामुळे आणि किती नुसत्या काळामुळे, हे एका प्रकरणावरून वेगळे काढता येत नाही. मला इतके म्हणता येते, की मुलाला आईला काय सांगायचे आहे ते आम्हाला खोक्याने सांगितले, आणि ते शब्दांत विचारून मुलाकडून कधीच मिळाले नसते.

काय वेगळे करता आले असते

मूल वेगळे झाले त्या क्षणी कोण कुठे उभे होते आणि काय बोलले गेले, हा प्रश्न मी आता पहिल्याच भेटीत, पालकाला एकटे भेटून, विचारते. "खरंच?" ही सवय आईने माझ्या हातात ठेवली होती आणि मी तिचा धागा धरला नाही.

पुनरावृत्तीची सहा सत्रे मी जाऊ दिली. त्यातली सुरुवातीची काही गरजेची होती असे मला मनापासून वाटते, कारण खोका त्याचा आहे आणि मी तो हिसकावणार नाही याची खात्री त्याला तेव्हाच पटली. सातवे आणि आठवे मात्र माझ्या संकोचामुळे गेले. चौथ्या सत्रातल्या चुकीने मी इतकी बिचकले होते, की काहीही न बोलणे हाच संयम आहे असे मी स्वतःला सांगत होते. त्या दोन रात्रींची किंमत मुलाने मोजली.

पहिल्या सत्रात मी मुलाला म्हणाले होते, की इथला खेळ मी कोणालाही सांगणार नाही. हे वचन मला पाळता येणार नव्हते, कारण आईशी आणि मार्गदर्शकांशी बोलणे भाग होते. ज्या मुलाच्या दुखण्याचे मूळच न पाळलेल्या शब्दात होते, त्याला मी तसाच एक शब्द दिला होता. दहाव्या सत्रात मी त्याला ते सांगितले आणि काय सांगेन, काय सांगणार नाही ते आम्ही दोघांनी मिळून ठरवले. आता मी सुरुवातीलाच सांगते, की तुझ्या भल्यासाठी आईला काही सांगावेसे वाटले, तर आधी तुला विचारेन.

वडील फक्त एकदा भेटले. त्या दिवशी आपण तिथे नव्हतो याचे ओझे त्यांच्या बोलण्यात जाणवत होते आणि त्यासाठी मी त्यांना आणखी दोन भेटींना बोलवायला हवे होते.

सहा महिन्यांनी

उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी आईचा फोन आला. मुलाची रक्ततपासणी करायची होती. तिने आदल्या दिवशी स्वतः जाऊन चौकशी केली, आत पालकाला थांबू देतात याची खात्री करून घेतली आणि मगच मुलाला सांगितले, की सुई टोचतील, दुखेल, आणि मी तुझा दुसरा हात धरून बाजूला उभी असेन. पहिल्या दिवशी तो दारातूनच परत फिरला आणि तिने त्याला ओढले नाही. दुसऱ्या दिवशी तो आत गेला, जोरात रडला आणि हात पुढे केला. त्या दोन्ही दिवशी त्याने "खरंच?" असे विचारले नाही, हे तिने मला फोनवर दोनदा सांगितले.